मेण लावलेला दोरा

किल्ली फिरवली की आतून फक्त 'टक्' असा आवाज आला. सिद्रामकाकांनी पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

"झालं," अण्णा ओसरीवरून म्हणाले. "बोलाव माणसं. मार धक्का."

आमच्या घरापुढचं पटांगण रस्त्याकडे थोडं उतरतं होतं, त्या उतारावर गाडी निघायची. शेजारच्या गोडाऊनमधले हमाल डोक्याचे टॉवेल कमरेला गुंडाळत आले. हे आता त्यांच्या सवयीचं झालं होतं.

"सिद्रामकाका," त्यांतला एक खांदा लावत म्हणाला, "रोज हिला आम्हीच उठवतोय. तुमच्या मालकीची झाली की आमची पण काहीतरी सोय बघा."

"आदी हू तर दे," सिद्रामकाका म्हणाले.

गाडी गडगडली, आचका देऊन सुरू झाली आणि काळा धूर सोडत सूतगिरणीच्या दिशेनं गेली. अण्णांनी कप बशीत ठेवला. "या गाडीचं काय खरं नाही," ते मला म्हणाले. "गरीब माणूस, उगाच अडकतोय."

अण्णा, म्हणजे माझे वडील भूपाल मगदूम, आधी वायरमन होते. जयसिंगपुरात स्टँडमागे त्यांची टपरी होती. ट्रकचं वायरिंग करता करता त्यांनी एक जुना ट्रक घेतला आणि त्यावर सिद्राम ऐवळ्यांना ड्रायव्हर ठेवलं. सुरुवातीची काही वर्षं अण्णा स्वतः शेजारी बसून जात. सुताच्या गाठी इचलकरंजीला टाकायच्या, तिथून कापड भरून पुढं मुंबईपर्यंत जायचं. पुढं अण्णांनी आणखी दोन ट्रक घेतले, घर बांधलं, ट्रान्सपोर्ट असोसिएशनमध्ये त्यांची खुर्ची ठरली. पहिला ट्रक मात्र सिद्रामकाकांच्याच हातात राहिला. त्याच्या कपाळावर माझं नाव होतं, 'रत्नप्रभा', पिवळ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना कमळं. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची.

आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाली. असोसिएशनची मंडळी पेढे खात उभी होती. अण्णांनी सिद्रामकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या खंडेनवमीला ही गाडी सिद्रामची. नारळ मी फोडणार आणि किल्ली याच्या हातात देणार."

आमच्या धंद्यात असं होतं कधी कधी. जुना ड्रायव्हर थकत आला की मालक जुनी गाडी त्याच्या नावावर करून देतो. बहुतेक मालक नुसतं म्हणतात. अण्णा म्हणाले म्हणजे झालं, असं सगळे धरून चालले होते. गावात दोघांचं व्यवहारात फाटलं की लोक म्हणायचे, मगदूम अण्णांना मध्ये घाला, त्यांचा शब्द म्हणजे शब्द. सिद्रामकाका त्यांच्या पाया पडायला वाकले होते आणि बराच वेळ तसेच राहिले होते.

त्या पावसाळ्यात गाडीची बॅटरी उतरायला लागली. दिवसभर गाडी नीट चालायची. रात्री बंद करून ठेवली की सकाळी मेलेली. नवीन बॅटरी टाकली, तीही काही दिवसांत तशीच झाली. डायनामो काढून तपासला, तो ठणठणीत होता. अण्णांनी स्वतः दोन रविवार गाडीखाली घालवले. ज्या माणसाला दुसऱ्यांच्या गाडीतला बिघाड बॉनेटला कान लावून कळायचा, तो हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "सापडत नाही. वायरिंग म्हातारं झालंय."

मला वाईट वाटलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, उजवा हात थरथरायचा. वायरिंग नव्हे, तेच म्हातारे झाले आहेत असं मला वाटलं.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि रोज एसटीनं ये-जा करत होते. एका संध्याकाळी स्टँडवर उतरले तर सिद्रामकाका वाट बघत उभे होते.

"ताई, तुमच्या कालेजात करंट मोजायचं यंत्र असतंय न्हवं?"

"असतं. का?"

"रातच्याला बॅटरीची वायर काडून ठेवली की सकाळी एका दमात उटती. लावून ठेवली की मेली. म्हंजे गाडी झोपल्यावर कोणतरी तिचं रगत पितंय. कोण त्ये बगा की जरा."

"अण्णांना सांगितलंत हे?"

"सांगितलं की. अण्णा म्हणालं, रोज वायर काडून ठेवायची गाडी म्हंजे मोडीची गाडी. त्यांचं बी बरोबर हाय. परवा घरी आलते. आमच्या शेवंताला समजावलं, म्हणालं, माझ्या शब्दासाठी तुमच्या गळ्यात धोंडा नको. तुम्ही नको म्हटलासा तर मला राग न्हाई. मनानं लई चांगला माणूस. तवापासनं शेवंता पण म्हणती, नगं ती गाडी."

"आणि तुम्ही?"

"मला पायजे," ते म्हणाले. "ताई, आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाची गाडी हाकली. एकदा माझ्या लेकीचं, सुवर्णाचं नाव लिवायचं हाय. तुमचं खोडणार न्हाई. खाली लिवीन, बारीक."

मी हसले. तेही हसले.

"एकच करा. दोष घावला तर मला सांगायचा, काय असंल त्यो. दोष लपवून दिलेली गाडी नगं मला."

मी बरं म्हटलं.

अण्णांना विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. "तू गाडीखाली शिरणार?"

"शिरायचं कशाला? मोजायचं."

"एवढं शिकवलं ते ग्रीस पुसायला?"

"ग्रीस पुसतच तर शिकले," मी म्हटलं.

ते खरं होतं. आई लवकर गेली. शाळा सुटली की मी टपरीत बसायचे. जोड कसा मारायचा ते अण्णांनी मला तिथं शिकवलं होतं. दोन्ही टोकं सोलायची, तांब्याची वेणी घालायची, आणि वर चिकटपट्टी लावायची नाही. "पट्टी उन्हानं सुटते," ते म्हणायचे, "दोरा सुटत नाही." मग मेण लावलेला सुती दोरा जोडावर घट्ट, एकाला एक लागून गुंडाळायचा आणि शेवटचं टोक सुईनं आतून ओढून घ्यायचं, म्हणजे गाठ कुठंच दिसत नाही. सबंध जिल्ह्यात असा जोड कुणी मारत नसे. वेळ फार लागतो. माझ्या बाहुलीच्या घरातला दिवा मी तसाच जोडला होता.

पेपर खाली न करता अण्णा म्हणाले, "बघ बापडी. काही सापडायचं नाही."

नवरात्रातल्या सुट्टीत मी कॉलेजातून अमीटर आणला. अण्णा त्या दिवशी असोसिएशनच्या मीटिंगला गेले होते. सिद्रामकाकांनी गाडी कडुलिंबाखाली लावली, किल्ली काढून खिशात टाकली आणि बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं. मी बॅटरीची एक वायर सोडवली आणि तिच्या व बॅटरीच्या मध्ये अमीटर जोडला. आता गाडी जे काही पिईल ते माझ्या डोळ्यांसमोरून जाणार होतं.

दिवे बंद, पंखा बंद, देव्हाऱ्यातला लाल बल्बसुद्धा बंद. काटा शून्याला चिकटून राहायला हवा होता. तो दोनच्या जरा अलीकडे जाऊन थांबला.

"म्हंजे किती?" काकांनी विचारलं.

"मागचा ब्रेकचा दिवा रात्रभर लावून ठेवावा, तेवढं."

ते मागं जाऊन बघून आले. "दिवा तर बंद हाय."

"दिसत नाही एवढंच."

मग मी फ्यूज काढायला घेतले. एका फ्यूजवर हॉर्न, एकावर पुढचे दिवे, एकावर केबिनमधला दिवा. ज्या वाटेनं गळती असेल, तो फ्यूज निघाला की काटा पडायला हवा. मी केबिनमध्ये वाकून एकेक काढत होते आणि काका खाली काट्यावर नजर ठेवून ओरडत होते.

"काढला."

"तितंच हाय."

"हा?"

"मास्तरीणबाई, काटा काय मास्तराला भ्यालेला न्हाई. तितंच हाय."

सगळे फ्यूज माझ्या ओंजळीत आले. काटा हलला नाही. डायनामोची वायर सोडवून बघितली. तरी नाही.

"चोर घरात न्हाईच म्हणायचा," काका म्हणाले.

"भिंतीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही जेवून या. मला अजून वेळ लागेल."

"तुमाला चहा घिऊन येतो येताना. शेवंता बिनसाखरंचा करती, चालंल न्हवं?"

"चालेल."

ते गेले. मी पोतं अंथरून गाडीखाली सरकले. फ्यूजच्या आधीची वाट एकच होती. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणारी जाड वायर. ती धरून मी शेवटपर्यंत गेले. गाडीच्या पोटाशी सगळीकडे तेलाची काळी साय बसलेली होती. स्टार्टरवरच्या एका नटाच्या कडा मात्र चकाकत होत्या. कुणीतरी अलीकडे तिथं पाना लावला होता. त्या नटाखाली, जाड वायरीच्या आड, एक बारीक वायर धरलेली होती. तिला मुद्दाम काळं ग्रीस फासलेलं होतं.

ती ब्रेकच्या नळीला चिकटून पुढं गेली होती, आणि केबिनच्या तळातल्या भोकातून वर. मी वर गेले. डाव्या सीटखालची फळी उचकटली. फळीमागं, हत्यारांच्या पेटीच्याही पलीकडं, चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. मी हात लावला. तो गरम होता. हात ठेवता येत होता, पण फार वेळ नाही.

झाकणाला कथलाचा डाग देऊन ते बंद केलेलं होतं. स्क्रूड्रायव्हर घालून जरा वाकवलं तेव्हा फटीतून पिवळा उजेड बाहेर आला. आत ब्रेकलाइटचा बल्ब जळत होता. डब्याला खालून पत्र्याचे तीन पाय लावले होते, लाकडाला गरम पत्रा लागू नये म्हणून. गाडीला इजा होणार नाही याची सगळी काळजी घेतलेली होती.

वायर डब्यात शिरत होती तिथं एक जोड होता. मी टॉर्च धरून त्याच्यावर उजेड टाकला. पट्टी नव्हती. मेण लावलेला सुती दोरा होता, एकाला एक लागून गुंडाळलेला. एका जागी तो निसटला होता आणि त्यावरून पुन्हा गुंडाळला होता. शेवटचं टोक आतून ओढून घेतलेलं होतं. गाठ कुठंच दिसत नव्हती.

मी तिथंच सीटच्या सांगाड्यावर बसून राहिले. मग पक्कड घेऊन वायर दोन्हीकडून तोडली. खाली जाऊन बघितलं. काटा शून्यावर होता.

अण्णा मीटिंगहून येऊन चपला काढत होते तेव्हा मी तो तुकडा त्यांच्या पुढ्यात ओसरीवर ठेवला. ते खाली बसले. तुकडा उचलून त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, एखाद्या गिऱ्हाइकानं आणलेलं काम बघावं तसा.

"हात थरथरतो आता," ते म्हणाले. "दोनदा गुंडाळावा लागला."

त्यांनी शेजारची जागा हातानं दाखवली.

"बस."

मी उभीच राहिले.

"मला शब्द मोडायचा नव्हता," अण्णा म्हणाले.

"मग दिलात कशाला?"

"दिला तेव्हा द्यायचीच होती. देवाशपथ. सकाळी नारळ फोडताना मनात आलं आणि बोलून गेलो. बरं वाटलं." त्यांनी तुकडा पलीकडे ठेवला. "असोसिएशनच्या पुढच्या मीटिंगला गेलो. नरदे म्हणाला, आता सिद्रामसाठी एक खुर्ची वाढवायला पाहिजे. सगळे हसले. मी पण हसलो."

"त्यात काय झालं?"

"तुला नाही कळायचं."

"सांगा."

"तिथं ड्रायव्हर दाराबाहेर उभे राहतात. मालक आत बसतात. गाडी नावावर झाली की तो मालक. तो आत येणार. माझ्याशेजारी खुर्चीवर बसणार."

"अण्णा, तुम्ही त्यांच्या डब्यातलं खाल्लंय. घाटात दोघं एका चादरीवर झोपलायत. तुम्हीच सांगता."

"ते गाडीत," अण्णा म्हणाले. "गाडीत कोण बघतंय?"

आतून कुकरची शिट्टी झाली. मीच भात लावला होता. मी तो उतरवून परत आले. अण्णा त्याच जागी बसले होते.

"त्यानं स्वतःहून नको म्हटलं असतं तर कुणाचं काही गेलं नसतं," ते म्हणाले. "त्याचा मान राहिला असता, माझा शब्द राहिला असता. मी त्याला काही कमी पडू दिलं नसतं." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. "आता तू काढलीस ना वायर? मग संपलं. गाडी देतो मी. खंडेनवमीला, सगळ्यांसमोर. फक्त तू गप्प राहा."

"त्यांनी विचारलं तर?"

"मास्तरीण आहेस. सांग काहीतरी. डायनामोचं सांग."

"डायनामो त्यांनीच तपासून आणलाय."

"मग दुसरं काही सांग. त्याला काय कळतंय?"

बाहेर फाटक वाजलं. सिद्रामकाका आले होते, हातात किटली आणि त्यावर उपडा घातलेला पेला. अण्णा उठले आणि आत गेले. जाताना तुकडा उचलला नाही. मी तो मुठीत घेतला आणि पटांगणात गेले.

काकांनी सगळ्यात आधी अमीटर बघितला. "पडला की काटा." त्यांचा चेहरा उजळला. "घावला म्हणा चोर."

"सापडला."

"काय व्हतं?"

मी चहा ओतून घेतला. तो पिण्याइतका गार नव्हता. काका बॉनेटवर एक हात ठेवून उभे होते, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. मला दोन वाक्यं सुचली होती. एक उंदरानं कुरतडलेल्या वायरीचं होतं. ते अगदी पटण्यासारखं होतं.

"सीटखालच्या फळीमागं एक डबा होता," मी म्हटलं. "त्यात बल्ब जळत होता. फ्यूजच्या आधीच वायर जोडली होती, म्हणून सापडत नव्हतं."

"डब्यात बल्ब? आनि त्यो कुणी बसवला?"

मी मूठ उघडली. त्यांनी तुकडा घेतला. त्या गाडीत तसे कितीतरी जोड होते, दर टप्प्याला, दर वळणावर. त्यांनी ते इतकी वर्षं बघितले होते. त्यांना वाचायला काही अवघड नव्हतं.

"अण्णांनी," ते म्हणाले. त्यांनी विचारलं की सांगितलं ते मला कळलं नाही.

"हो."

"का?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. अण्णांनी ते नुकतंच दिलं होतं, खुर्चीसकट. ते मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. "तुम्ही नको म्हणावं म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी तुकडा सदऱ्याच्या खिशात टाकला. मी बॅटरीची वायर परत जोडली. ते केबिनमध्ये चढले, किल्ली लावली, फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. थोडा वेळ त्यांनी ती तशीच चालू ठेवली, मग बंद केली. उतरून किल्ली ओसरीच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवली.

"बरं केलंसा सांगितलासा," ते म्हणाले. मग किटली उचलली. "चहा प्या. निवतोय."

खंडेनवमीला सकाळीच पटांगण झाडून सडा टाकला होता. तिन्ही गाड्या धुऊन ओळीनं उभ्या केल्या होत्या. झेंडूच्या माळा, लिंबं, चाकांना हळदकुंकू. असोसिएशनची मंडळी आली होती. नरदे शेठ सगळ्यांत पुढं. हमाल आले होते. शेवंताकाकू सुवर्णाला घेऊन फाटकाजवळ थांबल्या होत्या. सुवर्णानं नवा परकर-पोलका घातला होता आणि ती जुन्या गाडीच्या कपाळाकडे बघत होती, माझ्या नावाखाली किती जागा उरते ते.

अण्णांनी नारळ फोडला. नरदे म्हणाले, "मगदूम, पुन्हा सांगतो, आमच्यात असा शब्द पाळणारा दुसरा नाही." अण्णांनी हात जोडले. ताम्हनात झेंडूची फुलं होती आणि त्यावर किल्ली.

"घे, सिद्राम."

सिद्रामकाकांनी किल्ली घेतली.

"एकदा चालू करून दाखवा की," हमालांतला तोच म्हणाला. "का मारू धक्का?"

सगळे हसले. काका वर चढले. किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, अगदी खरी. त्या क्षणी त्यांना ती गाडी मनापासून द्यायची होती असं मला अजूनही वाटतं.

काकांनी गाडी बंद केली. खाली उतरले. चालत ताम्हनापाशी आले आणि किल्ली फुलांवर परत ठेवली.

"अण्णा, गाडी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"अरे?"

"बॅटरी उतरतीया हिची."

"काय बोलतोस सिद्राम," नरदे म्हणाले. "आत्ता आमच्यासमोर फटक्यात चालू झाली की."

"चालू असताना काय कळत न्हाई, शेठ," काका म्हणाले. "बंद असताना उतरतीया."

मग त्यांनी खिशात हात घातला आणि तो तुकडा काढून किल्लीशेजारी ठेवला. इतक्या हळू की जवळ असलेल्यांनाही तो फुलाचा देठ वाटला असेल. अण्णांचा थरथरता हात पुढं आला आणि त्यांनी एक झेंडूचं फूल त्यावर सरकवलं.

काका वाकून पाया पडले नाहीत. वळले आणि फाटकाकडे गेले. सुवर्णा काहीतरी विचारत होती. शेवंताकाकूंनी तिचा हात धरला आणि तिघं रस्त्यानं निघून गेले.

"वेडा आहे," कुणीतरी म्हणालं.

"वेडा नाही, मालकावर जीव आहे," नरदे म्हणाले. "मालकाची पहिली गाडी कशी न्यायची म्हणून नाही म्हणाला. अशी माणसं राहिली नाहीत आता."

मंडळी गेल्यावर मी ताम्हन आत घेऊन चालले होते. अण्णा वाटेत उभे होते.

"गाडी मी दिली," ते म्हणाले. "तू घेऊ दिली नाहीस."

त्यानंतर आमच्यात त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

सिद्रामकाका सूतगिरणीच्या गाडीवर लागले. अण्णांनी जुना ट्रक कुणाला दिला नाही, दुसरा ड्रायव्हरही ठेवला नाही. तो कडुलिंबाखाली उभा राहिला. रोज संध्याकाळी ते बाहेर जात, केबिनमध्ये चढत, किल्ली फिरवत. गाडी एका फटक्यात सुरू होई. थोडा वेळ तिचा आवाज ऐकत बसत, मग बंद करून आत येत आणि हात धूत. चाकं जमिनीत रुतली, कपाळावरची कमळं गेली, माझं नाव अर्धं राहिलं, पण बॅटरी कधी उतरली नाही.

अण्णा गेले त्यानंतर असोसिएशननं शोकसभा घेतली. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी पहिल्या रांगेत होते. नरदे बोलायला उभे राहिले. आता त्यांना काठी लागत होती. त्यांनी ट्रकची गोष्ट सांगितली. मगदूम अण्णांनी भर सभेत शब्द दिला आणि भर सभेत पाळला. ड्रायव्हरनं प्रेमापोटी किल्ली परत दिली. असा मालक आणि असा नोकर या गावानं पाहिला, हे आपलं भाग्य.

"तो सिद्राम आज इथं आला आहे," नरदे म्हणाले, आणि सगळ्यांनी माना वळवल्या.

ते मागच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर माझी पर्स होती. मी ती उचलून मांडीवर घेतली आणि हातानं खुणावलं. ते हलले नाहीत. मी उठून दारापर्यंत गेले.

"या की काका, पुढं बसा. खुर्ची आहे."

त्यांनी माझ्यापलीकडे, हारातल्या फोटोकडे बघितलं.

"नगं ताई," ते म्हणाले. "हितनं समदं ऐकू येतंय."